तेल मुरलेली वहाण

नवी कोल्हापुरी पहिल्या आठवड्यात चावतेच. अंगठ्यापाशी कातडी सोलवटते, पावलाच्या उंचवट्यावर पट्टा काचतो, टाचेच्या कडेला फोड येतो. शहरातले गिऱ्हाईक मग ती कपाटाखाली सरकवते आणि कोल्हापुरी दिसायलाच छान, घालायला नाही, असे ठरवून टाकते. दोन पिढ्यांपूर्वीच्या पंचगंगेकाठच्या शेतकऱ्याला हे पटले नसते. त्याच्या लेखी नवी वहाण अजून पुरी झालेलीच नव्हती. चांभाराचे काम झाले, आता तेलाचे आणि पायाचे राहिले, असा त्याचा साधा हिशेब होता. वहाण पायाला बसवणे आणि तेल पाजून तिला वर्षानुवर्षे चालवणे हा त्या धंद्याचाच शेवटचा टप्पा होता, आणि तो घालणाऱ्याच्या घरी पार पडत असे. कोल्हापुरीच्या इतिहासात नक्षीबद्दल आणि राजाश्रयाबद्दल पुष्कळ लिहिले जाते. या शेवटच्या टप्प्याबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलते, आणि तो विसरला गेल्यामुळे या चपलेची नाहक बदनामी झाली आहे.

चावण्याचे मूळ चामड्यात आहे. जुन्या पद्धतीत कच्चे कातडे आधी मीठ लावून टिकवत, मग चुन्याच्या पाण्यात भिजत घालत. चुन्याने केस सैल होतात आणि कातडे फुगते. केस आणि आतल्या बाजूचे मांस खरवडून काढले की खरे कमावणे सुरू होई. त्यासाठी लागे बाभळीची साल आणि हिरडा. दख्खनच्या बऱ्याच भागांत कातडेच पिशवीसारखे शिवून घेत, तिच्यात सालीचा आणि हिरड्याचा चुरा भरत, वरून त्याचेच पाणी ओतत आणि ती जड पिशवी लाकडी चौकटीला टांगून ठेवत. पाणी कातड्यातून थेंबाथेंबाने झिरपे, खाली ठेवलेल्या भांड्यात साठे आणि पुन्हा वर ओतले जाई. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगत, म्हणजे वरच्या टोकालाही तेवढाच रस मिळे. सगळे मिळून महिना-सव्वा महिना सहज जाई.

या काळात साल आणि फळातले टॅनिन कातड्यातल्या तंतूंना घट्ट धरून बसते. कातडे कुजायचे थांबते, भरीव होते, दणकट होते. नुसत्या बाभळीने चामडे गडद आणि खरखरीत होते. हिरड्याने रंग उजळतो आणि पोत सुधारतो. हिरडा सह्याद्रीचाच. इंग्रजी अमदानीत तो याच कामासाठी मुंबई बंदरातून परदेशी जात असे. आजरा, राधानगरी, शाहूवाडीच्या रानांतून तो कोल्हापूरच्या कमावणाऱ्यांना हाताशी होता, आणि कोरड्या देशावर बाभळीला तोटा नव्हता. कोल्हापूर परिसरात हा धंदा का रुजला, याचे निम्मे उत्तर या दोन झाडांत आहे.

असे चामडे टिकते खूप, पण सुरुवातीला ते ताठ असते. त्यातून तळासाठी वापरायचे ते म्हशीचे किंवा बैलाचे, जाडजूड. ते भिजवून, ठोकून, दाबून तळाचे थर बसवायचे आणि चामड्याच्याच वादीने शिवायचे. अस्सल जुन्या कोल्हापुरीत खिळा नसे. तळावर दोन्ही बाजूंना कान, कानांना जोडणारा पट्टा, पुढे अंगठा, पट्ट्यावर बारीक वेणी आणि वर गोंडा. वेणीला मऊ शेळीचे चामडे चाले, पण बाकीचा सगळा ऐवज ताठच. शेतकऱ्याच्या जाड वहाणांचा जोड दोन किलोपर्यंत भरे. काट्याकुट्यांतून, ढेकळांतून आणि तापलेल्या काळ्या मातीतून चालायचे तर ते वजन हवेच होते.

म्हणून तेल. नवी वहाण घरी आली की तिला पोटभर तेल पाजायचे. बहुतेक घरांत ते एरंडेल असे. तेच दिव्यात जळे, तेच गाडीच्या आसाला वंगण म्हणून लागे, त्यामुळे ते घरात असेच. एरंडेल हवेत सुकून कडक होत नाही. जवसाचे तेल सुकते आणि चामड्यावर चिवट थर धरते, म्हणून ते या कामाला वाईट. खोबरेलही चालते, पण थंडीत गोठते. तेल चामड्यात शिरले की तंतूंच्या मध्ये जाऊन बसते आणि ते तंतू एकमेकांवर सरकू लागतात. पाऊल टाकताना तळ वाकतो तो या सरकण्यामुळे. तेल नसेल तर तंतू एकमेकांना चिकटतात, आणि वाकवले की चामडे चिरते.

जाणकार ज्या क्रमाने हे करतात त्यात घाई नसते. संध्याकाळी कोमट तेल फडक्याने तळाच्या कडांना, पट्ट्याच्या आतल्या अंगाला, अंगठ्याच्या मुळाशी आणि कानांच्या सांध्यांना चोळायचे. कडा महत्त्वाच्या, कारण तिथे चामड्याचा काप उघडा असतो आणि तेल लवकर ओढले जाते. रात्रभर वहाण सावलीत ठेवायची, सकाळी वर राहिलेले पुसून टाकायचे. मग घरातल्या घरात तासभर घालायची, दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. पट्टा हाताने मागेपुढे वाकवायचा. पाच-सहा दिवसांनी पुन्हा तेल. हळूहळू तळात टाचेचा आणि चवड्याचा खळगा उमटतो, पट्टा त्या एका पावलाच्या उंचवट्याचा आकार घेतो आणि वहाण त्या माणसाची होते. दुसऱ्याने घातली तर त्याला ती पुन्हा चावते. जुन्या मंडळींपैकी काहीजण नवी वहाण पाण्यात भिजवून ओलीच पायात घालत आणि पायातच सुकू देत. आकार त्याने लवकर धरतो हे खरे. पण पाण्यासोबत चामड्यातले तेल आणि थोडे टॅनिनही निघून जाते, त्यामुळे सुकल्यावर लगेच तेल पाजले नाही तर अशी वहाण वर्षभरात तडकते.

पाणी हा या चपलेचा खरा वैरी. मृगाचा पाऊस लागला की कोल्हापुरी वर जायची, माळ्यावर किंवा खुंटीला. वर ठेवण्याआधी माती झटकून, तेल लावून, वारा लागेल अशी. बंद पेटीत ठेवली तर सालीने कमावलेल्या चामड्यावर बुरशी फार लवकर चढते. पावसाळाभर शेतकरी अनवाणीच चिखलात उतरे. पुढे रबराची आणि प्लॅस्टिकची पादत्राणे आली, ती आधी या चार महिन्यांच्या रिकाम्या जागेत शिरली आणि मग बारमाही झाली. अवचित भिजलेली वहाण उन्हात किंवा चुलीपाशी सुकवायची नाही, हा नियम घरातल्या पोरांनाही ठाऊक असे. सालीने कमावलेले चामडे ओले असताना तापले की आखडते, आणि आखडलेले पुन्हा पूर्वीसारखे होत नाही.

हे सगळे ज्ञान एका घरात नव्हते. ते गावभर वाटलेले होते. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम गावगाड्याने महारांवर लादलेले. कातडे कमावण्याचे काम ढोरांचे, आणि ते गावाबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला. शिवणारा चांभार. वापरणारा कुणबी. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुत्याची ही सगळी रचना सापडते. चांभार शेतकऱ्याच्या वहाणा शिवे, त्या दुरुस्त करी आणि विहिरीवरची चामड्याची मोटही सांभाळी. सुगीला त्याला धान्य मिळे. वहाणेपेक्षा मोट हेच त्याच्या बलुत्याचे मोठे कारण होते, हे अनेकदा लक्षात येत नाही. मोट फाटली तर बागायत सुकते, म्हणून तिला तेल पाजणे, ठिगळ लावणे, सोंड बदलणे ही कामे वर्षभर चालत. ज्या घरात मोटेच्या चामड्याची निगा रोज होत होती, त्या घराला वहाणेची निगा वेगळी शिकवावी लागत नव्हती. पुढे लोखंडी मोटा, तेलाची इंजिने आणि विजेचे पंप आले, तशी मोट गेली. मोटेबरोबर चांभाराचे वर्षभर शेतावर येणे-जाणे संपले आणि शेतकऱ्याच्या अंगणातले तेलाचे भांडेही हलले.

या कामाला समाजाने दिलेली वागणूक हा इतिहासाचा बाजूला ठेवण्याजोगा भाग नाही. कातड्याला हात लावणारा अस्पृश्य आणि त्याच कातड्याची वहाण मिरवणारा प्रतिष्ठित, ही व्यवस्था शतकानुशतके चालली. तिला दिलेले एक जुने आव्हान याच टापूच्या स्मृतीत आहे. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला बसवेश्वरांच्या शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, हरळय्या नावाचा चर्मकार होता. त्याने एकदा बसवेश्वरांना ‘शरणु’ म्हणून नमस्कार केला, त्यांनी दुप्पट नम्रतेने ‘शरणु शरणार्थी’ म्हटले. त्या मानाचे ऋण फेडायला हरळय्या आणि त्याची पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या पादुका करून आणल्या, अशी आख्यायिका आहे. पुढे हरळय्याच्या मुलाचा ब्राह्मण घराण्यातल्या मधुवरसाच्या मुलीशी विवाह झाला आणि त्यापायी दोन्ही बापांना बिज्जळ राजाने देहदंड दिला, असे परंपरा सांगते. कन्नड मुलखातले कारागीर हरळय्याला आपला पूर्वज मानतात, मराठी मुलखातले संत रोहिदासांना. कोल्हापुरीची परंपरा बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत नेली जाते ती याच काळाशी नाते सांगून.

कोल्हापूर हे नाव या चपलेला चिकटले ते बाजारपेठेमुळे आणि दरबारामुळे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत स्थानिक चर्मोद्योगाला उत्तेजन दिले. शहरात त्यांनी उभ्या केलेल्या विविध समाजांच्या वसतिगृहांत ढोर-चांभार समाजाचेही वसतिगृह होते. उत्पादनाला आधार आणि त्या घरांतल्या मुलांना शाळा, या दोन गोष्टी एकत्र करणारा राज्यकर्ता त्या काळात दुर्मीळ होता.

साधारण १९२० च्या दशकात वहाणेचे रूप पालटले. सौदागर कुटुंबाने जाड वहाणेतून कानांची पातळ, शहरी चप्पल तयार केली, ती मुंबईच्या ‘जे. जे. अँड सन्स’ या दुकानात गेली, हातोहात खपली आणि मग इतर कुटुंबांनीही ती शिकून घेतली, असे सांगितले जाते. या बदलाचा निगेशी थेट संबंध आहे. तळ पातळ झाला तशी चप्पल लवकर वाकू लागली, चावणे कमी झाले. तिने शेत सोडले आणि फरसबंदी धरली. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनळी, पुकारी अशी गावांची आणि घाटांची नावे घेऊन ती विकली जाऊ लागली. पुरुषांनी तळ कापायचे आणि शिवायचे, बायकांनी वेण्या वळायच्या आणि नक्षी पाडायची, ही घरातली वाटणी आजही बऱ्याच ठिकाणी दिसते. पण वेणीचा दाम वेगळा मोजला जात नाही, त्यामुळे बाईच्या तासांची नोंदच होत नाही. पुढे १९७० च्या दशकात हिप्पींच्या पायांतून कोल्हापुरी अमेरिका-युरोपात पोचली, आणि निर्यातीच्या घाईत रंग, गोंद आणि खिळे शिरले.

त्याआधीच कमावण्याची पद्धत बदलू लागली होती. ऑगस्टस शुल्त्झ याने १८८४ मध्ये अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत पेटंट करून घेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन याने मद्रासेत तिचे प्रयोग केले. क्रोमने कातडे महिन्याऐवजी एखाद-दोन दिवसांत तयार होते. ते मऊ असते, पाण्याला आणि उष्णतेला जास्त दाद देत नाही. बुटाच्या वरच्या भागाला ते उत्तम. पण त्याला पायाचा आकार तसा खोल धरता येत नाही आणि एरंडेल पाजून त्याचे फारसे भले होत नाही, उलट ते चिकट होते. आज बाजारातल्या कित्येक ‘कोल्हापुरी’ क्रोमच्या चामड्याच्या, कृत्रिम कातडीच्या किंवा रबरी तळाच्या असतात. आजोबांनी सांगितले म्हणून त्यांना तेल पाजणारा नातू मग तेलालाच नावे ठेवतो.

वहाणेची निगा किती दूर नेऊ शकते याचे एक ठळक उदाहरण कोल्हापूरचे नाही, पण या गोष्टीत ते बसते. दक्षिण आफ्रिकेत गांधीजी सँडल शिवायला शिकले. त्यांचा मित्र हर्मन कॅलनबाख मरियानहिलच्या ख्रिस्ती मठातून ती कला शिकून आला होता, त्याच्याकडून. आफ्रिका सोडताना १९१४ मध्ये त्यांनी आपल्या हातच्या सँडलचा एक जोड जनरल स्मट्स यांना पाठवला, ज्यांनी त्यांना तुरुंगात घातले होते. स्मट्स यांनी तो आपल्या शेतावर अनेक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवशी, परत केला. पंचवीस वर्षे. वापरलेले, वाकवलेले, वेळच्या वेळी सुकवलेले चामडेच एवढे टिकते.

गांधीजींच्याच विचारातून विदर्भात वर्ध्याजवळ नालवाडीला १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. मेलेल्या जनावरांचीच कातडी, शास्त्रशुद्ध कमावणी, आणि ते काम सवर्णांनीही करायचे, हा त्याचा आग्रह. कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम उभा केला आणि स्वतः मेलेली गुरे सोलली. दुसऱ्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते, आणि पुढच्या काळात महार समाजाने मृत जनावरे ओढण्याचे लादलेले कामही ठिकठिकाणी नाकारले. हे दोन्ही प्रयत्न वरवर उलट दिशांचे दिसतात. एकाने काम उचलून त्याला मान द्यायचा प्रयत्न केला, दुसऱ्याने मान मिळवण्यासाठी काम झुगारले. इतिहासाने कौल दिला तो दुसऱ्याला, आणि त्यात न्याय होता. ज्याच्यावर काम जन्माने लादले गेले, त्याला ते सोडण्याचा हक्क आधी मिळायला हवा होता.

पुढचा धक्का कायद्याचा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती. १९९५ मध्ये केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल-वळूंचीही कत्तल बंद झाली. म्हशीचे कातडे कायद्याच्या बाहेर राहिले, पण वाहतुकीतली भीती आणि अडवणूक त्यालाही लागली. कोल्हापूरचे कारागीर तमिळनाडूकडच्या चामड्यावर अधिकाधिक अवलंबून राहू लागले. गावातच कमावलेले चामडे हातात घेऊन, वाकवून, वास घेऊन निवडण्याची सवय त्यामुळे तुटत चालली. कोणत्या पाठीचे चामडे तळाला आणि कोणत्या पोटाचे आतल्या थराला, हे निवडणाऱ्यालाच ती चप्पल किती दिवस चावेल याचा अंदाज असे.

कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये जाहीर झाले. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून अर्ज केला, ही सीमावादाच्या मुलखात मोठी गोष्ट आहे. अथणी आणि निपाणीच्या कारागिरांना वगळून कोल्हापुरीचा इतिहास सांगताच येत नाही. मग जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडाने हुबेहूब कोल्हापुरीच्या घाटाचे सँडल नाव न घेता दाखवले. महाराष्ट्रात संताप उसळला, कंपनीने उगम मान्य केला, तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली आणि वर्षअखेरीस दोन्ही महामंडळांशी करार झाला. त्यात भारतात तयार होणारे सुमारे २,००० जोड आणि कारागिरांचे प्रशिक्षण यांची तजवीज आहे.

त्या प्रशिक्षणाबद्दल इथे एक आग्रह मांडायला हवा. ते शिवण आणि नक्षीपुरते राहू नये. सह्याद्रीत हिरडा आजही आहे, बाभूळ आहे, म्हशीचे कातडे कायद्याने मिळते. अडते ते कमावण्याच्या जागी. साल-हिरड्याच्या कमावणीला पाणी फार लागते, चुन्याचे सांडपाणी कुठे सोडायचे हा प्रश्न असतो, आणि ढोरवाड्यातल्या तरुणाला बापाच्या कुंडांपाशी परत जायचे नसते. सांडपाण्यावर उपाय निघू शकतो. चामड्यावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था चेन्नईत १९४८ पासून काम करते आहे. तरुणाला परत बोलवायचे तर कमावणाऱ्याची मजुरी चपलेच्या किमतीत वेगळी दिसली पाहिजे आणि डब्यावर शिवणाऱ्याच्या नावाशेजारी त्याचेही नाव छापले पाहिजे. त्याच डब्यात एरंडेलाची छोटी बाटली, एक फडके आणि पावसात घालू नका, भिजली तर सावलीत सुकवा, एवढ्या सूचनांचा कागद घालायला खर्च फार येत नाही. तळ झिजला की तो कुठे बदलून मिळेल, याचा पत्ताही त्यावर हवा. वादीने शिवलेला तळ उसवून नवा घालता येतो, आणि पायाला बसलेला जुना पट्टा पुढच्या तळावरही तसाच चालतो.